आयटीआयचं दार संध्याकाळी पण उघडा की

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबणार आहे, आधीच सांगतो. कात्री लावायची तर लावा पण शेवटची मागणी तेवढी राहू द्या.

मी एकतीस वर्षं आयटीआयत शिल्प निदेशक होतो, ट्रेड मेकॅनिक मोटर व्हेईकल, गावच्या भाषेत मोटार मेकॅनिकचा मास्तर. रिटायर होऊन सात वर्षं झाली. सध्या मुक्काम अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोत, मुलाकडं, सहा महिन्यांसाठी. इथं आलेल्या आईबापांचं जे रूटीन असतं तेच आमचं, सकाळी चालायला जायचं, देशी दुकानातनं कोथिंबीर आणायची, धाकट्या नातीला शाळेतनं चालत घेऊन यायचं. गाडी चालवायला पोरगा देत नाही. एकतीस वर्षं पोरांना गिअरबॉक्स शिकवलेल्या माणसाला गाडी देत नाही, असो.

तर यावेळी मला मुद्दाम बोलवून घेतलंय, कामगिरीवर. थोरला नातू एकोणीस वर्षांचा, मार्क चांगले, गणित पक्कं, कॉम्प्युटर सायन्सला जाणार असं सगळे धरून चाललेले आणि यानं परस्पर कम्युनिटी कॉलेजात ऑटोमोटिव्ह टेक्नॉलॉजीला नाव घातलं. म्हणजे मोटार मेकॅनिकच्या कोर्सला. घरात सुतक पडल्यासारखं झालं. मुलगा फोनवर म्हणला, बाबा तुम्हीच या आणि समजवा त्याला, तुमचं ऐकतो तो. सूनबाईंचं दुःख वेगळंच, गणपतीला सगळी मराठी मंडळी भेटतात, मुलगा सध्या काय करतो म्हणून विचारतात, मी काय सांगू?

आता यातली गंमत बघा. माझा मुलगा लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत माझ्यासोबत वर्कशॉपला यायचा. व्हॉल्व्हला पेस्ट लावून सीटवर घासायचं काम असतं, दोन तळहातांमध्ये दांडी धरून रवी फिरवल्यासारखं फिरवत बसायचं, ते त्याला फार आवडायचं, तासन्‌तास करायचा. एकदा काळे हात घेऊन घरी आला आणि हिच्या धुतलेल्या पडद्याला पुसले, तेव्हा मीच त्याला दोन रट्टे दिले आणि म्हणलं हे हात परत काळे दिसले तर याद राख, अभ्यास कर, इंजिनिअर हो. म्हणजे जे मी रोज दुसऱ्यांच्या पोरांना शिकवत होतो ते माझ्या पोरानं शिकू नये म्हणून मीच धडपडत होतो. त्यानं ऐकलं. इंजिनिअर झाला, इथं आला, घर घेतलं. आता त्याच्या पोराला मी कुठल्या तोंडानं सांगू की हात काळे करू नकोस?

नाही सांगितलं. पोरगा अजून वाट बघतोय की बाबा कधी विषय काढतात.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय हे आधी सांगतो, कारण इथं येईपर्यंत मला ते समाजमंदिरासारखं काहीतरी वाटायचं. तसं नाही. सरकारी पैशावर चालणारं, त्या त्या भागातल्या लोकांसाठीचं दोन वर्षांचं कॉलेज. १९०१ साली इलिनॉय राज्यात जोलिएट गावात पहिलं सुरू झालं, आता देशभर आहेत. एकाच आवारात नर्सिंग पण शिकवतात, अकाउंट्स पण, चित्रकला पण आणि इंजिन खोलायला पण. एंट्रन्स नाही, कटऑफ नाही, अठरा पूर्ण झालेला कोणीही जाऊन नाव घालतो. दोन वर्षं करून काही जण मोठ्या युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला जातात, काही जण सर्टिफिकेट घेऊन कामाला लागतात, काही जण नुसताच एक विषय शिकून घरी जातात आणि कोणी त्यांना मध्येच सोडलं म्हणून नावं ठेवत नाही.

नातू जातो ते डी अँझा कॉलेज, १९६७ पासूनचं. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला तिमाहीच्या एका युनिटला (विषय किती मोठा ते मोजायचं माप) ३१ डॉलर फी, म्हणजे बारा युनिट घेतली तर ३७२ डॉलर आणि वर किरकोळ. पहिल्यांदाच कॉलेजला जाणाऱ्या फुल टाइम पोरांना तर राज्याच्या योजनेत दोन वर्षांची फी माफ होऊ शकते. बाहेरच्यांना मात्र हाच कोर्स कितीतरी पट महाग पडतो, तेव्हा माझं पत्र वाचून कोणी स्टुडंट व्हिसाचा एजंट गाठायला पळू नका. आणि एक गोष्ट मला फार आवडली. या कॉलेजच्या आवारात फ्लिंट सेंटर म्हणून मोठं नाट्यगृह होतं, तिथंच २४ जानेवारी १९८४ ला स्टीव्ह जॉब्सनं पहिला मॅकिंटॉश कॉम्प्युटर लोकांना दाखवला. सूनबाईंना म्हणलं गणपतीत हे सांगत जा, पोरगा स्टीव्ह जॉब्सच्या आवारात शिकतो. हसली नाही.

आता मुद्द्याला येतो. मला जे दाखवायचंय ते घरासमोरच घडलं.

मुलाची सात सीटची व्हॅन आहे. गेल्या महिन्यात सकाळी स्टार्टर मारला की कर्र… कर्र… करून जेमतेम उठायची. मुलानं लगेच निदान केलं, बॅटरी गेली, फोनवर दोनशे डॉलरची बॅटरी शोधून ऑर्डर टाकायला लागला. मी पण मनात तेच म्हणलं, आपल्याकडं कुठल्याही गॅरेजात हेच सांगतील, बॅटरी नसली तर मग स्टार्टर खोलतील. नातू म्हणला थांबा जरा. आत जाऊन मीटर घेऊन आला. बॅटरीवर लावला, १२.६ व्होल्ट. चांगली आहे म्हणला. मग बापाला म्हणला आत बसा, मी सांगेन तेव्हा स्टार्टर मारा, आणि मीटरची एक पिन माझ्या हातात दिली, आजोबा ही निगेटिव्हला धरा. दुसरी पिन त्यानं इंजिन ब्लॉकवर टेकवली.

मी धरली. तो म्हणला, नाही आजोबा, क्लॅम्पवर नको, पोस्टवर.

संपादकसाहेब, हे वाक्य ऐकून मला काय वाटलं ते मेकॅनिकलाच कळेल. पोस्ट म्हणजे बॅटरीचा शिशाचा खुंट आणि क्लॅम्प म्हणजे त्याच्यावर आवळलेलं टर्मिनल. दोन्ही एकमेकाला चिकटलेलेच असतात, त्यामुळं पिन कुठं पण टेकवली तरी काय फरक पडतो असं कोणालाही वाटेल. पण खराबी त्या दोघांच्या मधल्या केसभर फटीतच असते. क्लॅम्पवर पिन धरली तर ती खराबी मापात येतच नाही, मीटर सगळं ठीक सांगतो आणि तुम्ही दिवसभर स्टार्टर खोलत बसता. बापानं स्टार्टर मारला, मीटरनं १.३ व्होल्ट दाखवले. तिथं ०.२ च्या आसपास पाहिजेत. म्हणजे स्टार्टरला जायचे त्यातले सव्वा व्होल्ट अर्थिंगच्या वाटेतच खाल्ले जात होते. क्लॅम्प सोडवला तर आतनं हिरवट पांढरी पावडर निघाली. खायच्या सोड्याचं पाणी, तारेचा ब्रश, पुसून कोरडं केलं, आवळलं, परत माप घेतलं. ०.०८. गाडी एका झटक्यात चालू. खर्च चमचाभर सोडा.

मुलगा खाली उतरून काही न बोलता आत गेला, बॅटरीची ऑर्डर कॅन्सल करायला असणार.

हा व्होल्टेज ड्रॉपचा धडा मी पण शिकवायचो. फळ्यावर. ओहमचा नियम, आकृती, तीन मार्कांचा प्रश्न. वीस-बावीस पोरांच्या तुकडीला एक चांगला मीटर होता आणि तो कपाटात कुलपात असायचा, कारण डेड स्टॉक रजिस्टरला माझ्या नावावर होता आणि पोरानं अँपिअरवर ठेवून चुकून बॅटरीला लावला तर उडाला मीटर, मग ते निर्लेखित करायला दोन वर्षं कागद फिरवा, नाहीतर पगारातनं कापून घ्या. तो मीटर मी रिटायर होताना चार्जमध्ये दिला तेव्हा जवळजवळ कोरा होता. अभिमानानं सांगायचो की बघा माझ्या काळात एक वस्तू तुटली नाही. आता विचार केला तर, वस्तू तुटली नाही म्हणजे पोरांनी तिला हात लावला नाही एवढाच त्याचा अर्थ.

एका संध्याकाळी नातू मला वर्ग बघायला घेऊन गेला, मास्तरांची परवानगी काढून. मास्तर पण आधी बरीच वर्षं डीलरकडं काम केलेला माणूस, माझी ओळख करून दिली तर म्हणाला मग तुम्ही इकडं उभं रहा, आणि चष्मा हातात दिला. डोळ्यावर चष्मा नाही तर वर्कशॉपमध्ये पाय नाही, मी साठी ओलांडलेला पाहुणा असलो तरी.

मला वाटलं होतं लिफ्ट, मोठमोठी मशिनं बघून डोळे दिपतील. लिफ्ट होत्याच, पण मी बघत राहिलो ते वेगळंच. एक गाडी उभी, तिच्यात मास्तरनं मुद्दाम फॉल्ट टाकलेला, कुठंतरी एक वायर कापलेली नाहीतर करंट जाऊ नये म्हणून फ्यूजच्या पायाला नेलपॉलिश लावून ठेवलेलं, आणि तीन जणांचा ग्रुप. त्यांनी पहिला अर्धा तास गाडीला हातच लावला नाही. लॅपटॉपवर वायरिंगचा नकाशा काढून करंट कुठनं निघतो, कुठल्या कनेक्टरमधनं जातो, कुठं अर्थ होतो ते बोटानं गिरवत वाद घालत बसले. मग एक जण म्हणला दोन नंबरच्या कनेक्टरला माप घेऊ, तिथं मिळालं तर अलीकडचा निम्मा भाग सुटला. जॉबशीटवर तीनच रकाने, गिऱ्हाइकाची तक्रार काय, कारण काय सापडलं, केलं काय. मधला रकाना रिकामा ठेवून तिसरा भरला तर मास्तर कागद परत देतो. आपल्याकडं निम्मी गॅरेजं मधल्या रकान्याशिवाय चालतात हो. अंदाजानं पार्ट बदलत जायचं, गाडी नीट झाली तर कारण ते होतं म्हणायचं.

आणि वर्गात कोण होतं? माझा नातू सगळ्यात लहान. एक बाई पन्नाशीच्या, दिवसा कुठल्यातरी दुकानात काउंटरवर असतात. एक मेक्सिकन माणूस, वीस वर्षं भावाच्या गॅरेजात काम केलेला, हात माझ्यापेक्षा कडक, पण हायब्रिड गाड्या यायला लागल्यावर अडायला लागला म्हणून आलेला. एक रिटायर इंजिनिअर, त्याला नोकरी नकोच, जुनी गाडी स्वतः दुरुस्त करायचीय. त्या मेक्सिकन माणसाकडं मी बराच वेळ बघत होतो. तो ऑरेंज वायरीच्या धड्याला होता, हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीत जास्त व्होल्टेजच्या केबल नारंगी असतात, तिथं हात घालायच्या आधी हजार व्होल्टचे रबरी हातमोजे आणि वरनं चामड्याचे. मोजा घालायच्या आधी मनगटाकडनं गुंडाळत न्यायचा, आत कोंडलेली हवा बोटांत जाऊन ती फुगतात, मग कानाजवळ धरून ऐकायचं कुठं सूं आवाज येतोय का. सुईएवढं भोक असलं तरी मोजा बाद. तो माणूस एवढा मोठा, पण एखाद्या पोरानं फुगा कानाला लावावा तसा मोजा लावून ऐकत होता. आपल्याकडं नेक्सॉन ईव्हीसारख्या गाडीत पण तीनशेच्या वर व्होल्ट असतात, आणि त्या तालुक्या-तालुक्यात पोचल्यात. कधीतरी त्या रस्त्याकडेच्या गॅरेजला उभ्या राहणारच.

सगळं इथं सोन्याचं आहे असं सांगायला मी काही एजंट नाही. नातवाला पण मी हे ऐकवलंय. इथं मेकॅनिकला हत्यारं स्वतःची लागतात. हत्यारांच्या कंपनीची गाडी दर आठवड्याला गॅरेजच्या दारात येते, नट खोलायच्या चकचकीत गोट्या, रॅचेट, टूलबॉक्स दाखवते आणि उधारीवर देते, तरणी पोरं पगार हातात यायच्या आधीच हप्त्यात बुडतात. कॅलिफोर्नियात एक कायदा चांगला आहे, मालकाला कामगाराकडनं स्वतःची हातहत्यारं आणवायची असतील तर किमान वेतनाच्या दुप्पट पगार द्यावा लागतो. २०२५ साली राज्याचं किमान वेतन तासाला १६.५० डॉलर, म्हणजे ३३ झाले. ऐकायला बरं वाटतं पण या भागातली घरभाडी ऐकली की परत खाली बसावं लागतं. सरकारी आकड्याप्रमाणं २०२३ ला देशभरात मेकॅनिकची मधली कमाई वर्षाला ४७,७७० डॉलर होती, कॉम्प्युटरवाल्यांच्या जवळपास पण नाही. शिवाय बऱ्याच ठिकाणी फ्लॅट रेट, म्हणजे पुस्तकात त्या कामाला दोन तास लिहिलेत तर दोनच तासांचे पैसे, गंजलेला बोल्ट तुटला आणि तुमचे पाच तास गेले तर ते तुमचं नशीब. जुना मेकॅनिक आठ तासात बारा तासांचं काम पाडतो, नवा पोरगा मार खातो. हे ऐकून मुलगा माझ्याकडं आशेनं बघत होता. पण मी पुढं एवढंच म्हणलं की बोल्ट तापवून काढायला शीक.

कागदाचं मात्र इथं नीट आहे. एएसई म्हणून संस्था आहे, १९७२ पासूनची, सरकारी नाही. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, इलेक्ट्रिकल, एसी अशा वेगवेगळ्या परीक्षा, ए-वन ते ए-एट. आठही पास झाला तर मास्टर टेक्निशियन. नुसती परीक्षा पास होऊन चालत नाही, दोन वर्षं कामाचा अनुभव लागतो, त्यातलं एक वर्ष कॉलेजच्या शिक्षणात धरता येतं. आणि पाच वर्षांनी परत द्यायची, कारण गाड्या बदलतात. आमच्या ट्रेडचं सर्टिफिकेट एकदा मिळालं की जन्मभराचं, माझं स्वतःचं कार्बोरेटरच्या काळातलं आहे आणि अजून चालतंय. धूर तपासणारा माणूस पण इथं राज्याचं लायसन्स काढल्याशिवाय गाडीला हात लावू शकत नाही, त्याचं ट्रेनिंग, त्याची परीक्षा. आपल्याकडं पीयूसी कशी निघते ते मी लिहायला नको, वाचकांनी काढलेली आहे. लॉस एंजेलिसकडं रिओ होंडो म्हणून कम्युनिटी कॉलेज आहे तिथं तर ऑटोमोटिव्ह टेक्नॉलॉजीत चक्क चार वर्षांची डिग्री मिळते. मेकॅनिकला डिग्री! हे मात्र सूनबाईंनी दोनदा विचारून घेतलं.

आता आमच्याकडच्या एका पोराचं सांगतो, ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसलो. नाव नको. साखर कारखान्याच्या रस्त्याला त्याचं गॅरेज आहे, पत्र्याचं शेड, पुढं उसाचे ट्रॅक्टर थांबतात. चौदा-पंधरा वर्षांचा असताना दुसऱ्याच्या गॅरेजात पाने पुसायला लागला, दहावी कशीबशी झाला, आता अठ्ठावीसचा आहे, बायको, एक पोरगी. कान असा आहे की गाडी दारात वळायच्या आधी सांगेल टॅपेट वाजतोय का बेअरिंग. माझ्या हाताखालनं सर्टिफिकेट घेऊन गेलेल्या निम्म्या पोरांपेक्षा हा चांगला मेकॅनिक. तो माझ्याकडं कधीच शिकला नाही, मी रिटायर झाल्यावर माझी स्कूटर त्याच्याकडं द्यायला लागलो तेव्हाची ओळख.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे कडक नियम आले आणि हा गडबडला. डिझेल पिकअप येते, डॅशबोर्डवर लाइट पेटलेली, पॉवर धरत नाही. त्यानं ऑनलाइन स्वस्तातला स्कॅनर घेतला. स्कॅनर कोड दाखवतो, अमुक सेन्सर, हा सेन्सर बदलतो, लाइट चार दिवसांनी परत. एका गाडीला त्यानं ओळीनं तीन सेन्सर बदलले, गिऱ्हाईक पैसे द्यायला तयार नाही, भांडण झालं, शेवटी शोरूमला गेली तर कळलं सेन्सरची वायर ब्रॅकेटला घासून तुटलेली. म्हणजे कोड खोटा नव्हता, पण कोड रस्ता दाखवतो, घर नाही दाखवत. पुढं मीटर घेऊन माप काढत जावं लागतं, आणि ते याला कोणी शिकवलेलंच नाही. मला रात्री साडेदहा-अकराला त्याचे व्हॉइस मेसेज येतात, सर एक विचारू का. इथं तेव्हा सकाळ असते, मी चालायला गेलेला असतो, येता येता उत्तर देतो.

मी त्याला म्हणलं आयटीआयला नाव घाल, वयाला वरची अट नाही. तो हसला. म्हणला सर, सकाळपासनं संध्याकाळपर्यंत दोन वर्षं मी तिथं बसलो तर शटर कोण उघडणार आणि पोरगीच्या दुधाचं काय. बरोबर आहे त्याचं. खाजगी उमेदवार म्हणून परीक्षेला बसता येतं, अनुभव दाखवून, पण परीक्षा घेणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. कौशल्य योजनांमध्ये आधी येतं त्याची तपासणी करून सर्टिफिकेट देतात, ते पण त्यानं काढलंय, भिंतीवर लावलंय गणपतीच्या फोटोशेजारी. जे येत होतं त्याचं सर्टिफिकेट मिळालं. जे येत नव्हतं ते अजून पण येत नाही.

तो मेक्सिकन माणूस आणि हा पोरगा, यांच्यात फरक काय सांगा? हातात सारखंच कसब, अडलेत पण एकाच जागी. त्याला कामावरनं सुटल्यावर सात वाजता जायला दार आहे, याला नाही.

म्हणून माझी मागणी, आणि हीच छापा. राज्यातल्या ज्या आयटीआयत मोटार मेकॅनिक नाहीतर डिझेल मेकॅनिकचा ट्रेड आहे तिथली वर्कशॉप आठवड्यातनं तीन दिवस संध्याकाळी सात ते नऊ गॅरेजवाल्या पोरांसाठी उघडा. दोन वर्षांचा कोर्स नको. सुटे सुटे विषय करा, दहा-बारा आठवड्यांचे. आधी इलेक्ट्रिकल आणि मीटर, मग सेन्सर आणि स्कॅनर, मग बीएस-सिक्स डिझेल, मग इलेक्ट्रिक गाड्या. एक केला तरी त्याचा कागद द्या, आणि चार-पाच झाले की ते ट्रेडच्या सर्टिफिकेटमध्ये धरा. टक्केवारी विचारू नका, वय विचारू नका. फी ठेवा थोडी, फुकटचं कोणी मनावर घेत नाही, गॅरेजवाला महिन्याला पाचशे-सातशे आनंदानं देईल, एक चुकीचा सेन्सर बदलण्यात त्याचे तीन हजार जातात.

यावर काय उत्तर येणार ते मला तोंडपाठ आहे, एकतीस वर्षं सरकारी नोकरी केलीय. जीआर नाही. निदेशकांची पदं रिकामी आहेत, दिवसाचेच वर्ग कसेबसे चालतात. लाइट बिल कोण भरणार, वॉचमन कोण, कोणाचं बोट गेलं तर जबाबदारी कोणाची. सगळं खरं आहे. पण तासिका तत्त्वावर माणसं घेताच की तुम्ही, तशीच संध्याकाळची घ्या. माझ्यासारखे रिटायर झालेले निदेशक गावोगावी ओट्यावर बसून पेपर वाचतायत, कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरमधनं बाहेर पडलेले चांगले फोरमन आहेत, त्यांना बोलवा. आणि कृपा करून मीटर कपाटातनं बाहेर काढा, डेड स्टॉकमधनं काढून खडू-डस्टरसारखा उपभोग्य वस्तूत टाका, फुटला तर फुटला.

मी नोव्हेंबरात परत येतोय. एअरलाइनच्या तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा, त्यातल्या एकीत सूनबाईंनी पाहुण्यांना वाटायला चॉकलेटं आणि बदाम भरलेत. दुसरीत मी बारा मल्टिमीटर ठेवलेत, नातवानं कुठल्यातरी सेलमध्ये बघून दिले, साधेच आहेत पण फ्यूज बदलता येतो. आमच्या भागातल्या कुठल्याही आयटीआयच्या प्राचार्यांनी वर्कशॉपची किल्ली आणि एक चालू गाडी दिली तर पहिल्या दहा आठवड्यांचा इलेक्ट्रिकलचा विषय मी एक पैसा न घेता शिकवायला तयार आहे, बोलवा फक्त. पहिला विद्यार्थी ठरलेला आहे, तो साडेसहाला शटर ओढून येतो म्हणालाय.

आपला वाचक,
एक निवृत्त शिल्प निदेशक
(सध्या मुक्काम क्युपर्टिनो, कॅलिफोर्निया)